इंग्रजी पहिली ते पहिलीतील इंग्रजी

शाळाप्रवेशाचे दिवस जवळ आले की, आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबांत एकच विचारविनिमय सुरू होतो. मुलाला मराठी शाळेत घालावयाचे की इंग्रजी? आजी एक सांगते, वडील दुसरे सांगतात, शेजारी तिसरेच सुचवितात. ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे ते पाच-सहा वर्षांचे मूल मात्र अंगणात खेळत असते. त्याला कोणी काही विचारीत नाही.

हा प्रश्न आपल्याला आजचा वाटतो. वस्तुतः तो पावणेदोनशे वर्षांचा जुना आहे. १८४७ साली मुंबईच्या शिक्षण मंडळात त्यावरून मोठा वाद झाला. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे इंग्रजी माध्यमाचे पुरस्कर्ते, तर जगन्नाथ शंकरशेट यांनी देशी भाषांची बाजू हिरीरीने मांडली. तेव्हापासून गव्हर्नर, मंत्री, न्यायाधीश, शिक्षणतज्ज्ञ आणि आईबाप अशा सर्वांनी आपापला कौल दिला. परंतु लहान मुलाला इंग्रजीविषयी काय वाटते, आणि जे वाटते ते का वाटते, याचा विचार फार उशिरा सुरू झाला. प्रस्तुत लेखात आम्ही हा इतिहास बार्शी या एका गावाच्या आधाराने पाहणार आहोत. बार्शी निवडण्याचे कारण असे की, या वादाची बहुतेक सर्व वळणे या गावाने व त्याच्या आसपासच्या मुलखाने अनुभवली आहेत.

शाळेबाहेरचे इंग्रजी

बार्शी हे सोलापूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. श्रीभगवंताच्या मंदिरामुळे ते वारकऱ्यांना ठाऊक आहे, आणि कापूस, तेलबिया व धान्य यांची जुनी पेठ म्हणून व्यापाऱ्यांना. बालाघाटच्या डोंगराळ मुलखातून बैलगाड्यांनी माल येथे उतरत असे. १८९७ साली या गावाला आगगाडी आली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत अवघ्या अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग टाकला. हीच 'बार्शी लाइट रेल्वे'. पुढे हा मार्ग एकीकडे पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचला. १९५४ च्या आरंभी तो सरकारच्या मालकीचा झाला.

आमच्या विषयाच्या दृष्टीने या गाडीचे महत्त्व निराळे आहे. अशा गावांतील सामान्य माणसाच्या तोंडी इंग्रजी शब्द आले ते मुख्यतः शाळेतून आले नाहीत. ते रुळांवरून, बाजारातून आणि गिरण्यांतून आले. तिकीट, इंजिन, गार्ड हे शब्द जसेच्या तसे राहिले. स्टेशनचे 'टेसन' झाले, सिग्नलचे 'शिंगल' झाले आणि प्लॅटफॉर्मचा 'फलाट' झाला. हा फलाट तर इतका मराठी झाला की, त्याचे मूळ सांगितल्यास अनेकांना नवल वाटते. निरक्षर हमालाने, पंढरीला निघालेल्या म्हातारीने आणि एकमेकांच्या सदऱ्याचे टोक धरून आगगाडी खेळणाऱ्या पोरांनी हे शब्द बिनदिक्कत उचलले, आपल्या जिभेला सोसतील असे घडवले आणि वापरले. चुकीचा उच्चार केला म्हणून फलाटावर कोणी कोणाच्या हातावर छडी मारली नाही.

ही गोष्ट क्षुल्लक नाही. परक्या भाषेचे भय माणसाला उपजत असते, तर हे घडले नसते. मराठी मुलाला इंग्रजीची भीती वाटू लागली ती निराळ्या ठिकाणी. ते ठिकाण म्हणजे शाळेचा वर्ग.

इंग्रजी पहिली

इंग्रजी अमदानीतील शाळेची रचना आजच्या तरुण वाचकांना अपरिचित असेल, म्हणून ती थोडक्यात सांगणे इष्ट होईल. मूल प्रथम मराठी शाळेत चार इयत्ता शिके. त्यानंतर वाट दुभंगत असे. जे मराठी शाळेतच राहत, ते सातवीला 'व्हर्नाक्युलर फायनल'ची परीक्षा देऊन प्राथमिक शाळेचे मास्तर किंवा तलाठी होऊ शकत. ज्यांना पुढे जावयाचे असे, ते 'इंग्रजी पहिली'त बसत. म्हणजे आजची पाचवी ती तेव्हाची इंग्रजी पहिली. अशा सात इयत्ता चढून गेल्यावर मॅट्रिक येई. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाल्यावर मॅट्रिकची परीक्षा हेच कारकुनीचे, वकिलीचे आणि मामलेदारीचे महाद्वार ठरले.

दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या बाजूने याकडे पाहावे. मराठी चौथीत तो हुशार गणला जाई. पाढे, मोडी वाचन, कविता त्याला येत असत. इंग्रजी पहिलीच्या बाकावर बसताच तो पुन्हा अडाणी ठरत असे. 'सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर' असा घोष सुरू होई. ज्या मांजराला तो रोज दूध पाजीत होता, त्याचे स्पेलिंग चुकले म्हणून मार बसे. व्याकरणाचे नियम, भाषांतराची वाक्ये, शब्दांच्या याद्या. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कैक पिढ्या वाढल्या आणि त्यांतून उत्तम इंग्रजी लिहिणारे विद्वान निपजले, हे निर्विवाद आहे. तथापि त्या वाटेवर जे मागे पडले, त्यांची गणना कोणी ठेवली नाही. इंग्रजीला 'वाघिणीचे दूध' म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात पडला. मोठ्या माणसांना त्यात दुधाचे सामर्थ्य दिसले. लहान मुलाला आधी वाघीण दिसत असावी.

परंतु हे चित्र एकरंगी नाही. समाजाच्या ज्या थरांना पूर्वापार विद्येची दारे बंद होती, त्यांना इंग्रजीत मोकळी वाट दिसली. जोतीराव फुले १८४१ ते १८४७ या काळात पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. सावित्रीबाईंच्या १८५४ च्या 'काव्यफुले' या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरणारी कविता आहे. जी भाषा एका घरात परीक्षेचे ओझे म्हणून येत होती, तीच दुसऱ्या घरात सुटकेची आशा म्हणून येत होती. मुलाने इंग्रजीकडे कोणत्या डोळ्यांनी पाहावे, हे अशा रीतीने त्याच्या घराच्या इतिहासावर ठरत गेले.

बार्शीत सुलाखे हायस्कूलसारख्या शाळांतून गावची मुले मॅट्रिकपर्यंत जाऊ लागली. पण तालुक्यातील खेड्यांतल्या शेतकऱ्यांची मुले बहुतांशी मराठी चौथीलाच थांबत. हे ओळखून कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनी १९३४ साली श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळाची स्थापना केली. पुढे बार्शीत हायस्कूल, महाविद्यालय उभे राहिले ते या कार्यातून. खेड्यातल्या मुलाला इंग्रजीचा प्रथमच दीर्घ सहवास घडला तो अशा संस्थांमुळे.

सीमेपलीकडची उर्दू

बार्शी हे मुंबई इलाख्याच्या कडेचे गाव होते. तेथून पूर्वेला थोडे गेले की, निजामाचे हैदराबाद संस्थान लागत असे. लातूर आणि धाराशिव तेव्हा त्या संस्थानात मोडत. बार्शीच्या मुलाला पुढे जाण्यासाठी इंग्रजी शिकावी लागे. सीमेपलीकडच्या मराठी मुलाला उर्दू. संस्थानची राजभाषा उर्दू होती. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले, त्याचे शिक्षणमाध्यमही उर्दूच होते. हा प्रयोग एका अर्थी स्वाभिमानाचा होता, कारण एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देता येते हे त्याने दाखवून दिले. पण मराठी, तेलुगू व कानडी मुलांना ती भाषा घरची नव्हती. मराठवाड्यात राष्ट्रीय शाळा निघाल्या त्या या पार्श्वभूमीवर. स्वामी रामानंद तीर्थ हे पुढे मुक्तिसंग्रामाचे नेते झाले, पण त्याआधी ते हिप्परग्याच्या अशाच एका शाळेचे मुख्याध्यापक होते.

या तुलनेतून एक गोष्ट ध्यानी येते. काही कोसांच्या अंतरावर राहणाऱ्या, एकच बोली बोलणाऱ्या दोन मुलांपैकी एक इंग्रजीने दबला होता आणि दुसरा उर्दूने. उर्दू ही परदेशी भाषा नव्हे. तिची लिपी सोडल्यास तिचे कितीतरी शब्द मराठीत शतकानुशतके नांदत आलेले आहेत. तरीही सत्तेची आणि परीक्षेची भाषा म्हणून ती समोर आली, तेव्हा मुलाला ती परकीच वाटली. तेव्हा दोष भाषेचा नसतो. भाषा ज्या हाताने पुढे केली जाते, त्या हाताकडे मूल आधी पाहते.

आठवीपर्यंत माघार, आणि एक खटला

स्वातंत्र्य आले आणि काटा दुसऱ्या टोकाला गेला. १९३७ च्या वर्धा योजनेपासून मातृभाषेतून शिक्षण हे राष्ट्रीय चळवळीचे तत्त्व होते. बाळासाहेब खेर यांच्या कारकिर्दीत मुंबई सरकारने पाचवी ते सातवी या इयत्तांतून इंग्रजी बाजूला केली. मराठी शाळेतील मुलाची इंग्रजीशी गाठ आता आठवीत पडू लागली. हेतू उदात्त होता. लहान वयातील ओझे उतरले. पण त्याच वेळी शहरांतील इंग्रजी माध्यमाच्या शाळा चालूच होत्या. बार्शीचा मुलगा तेराव्या वर्षी मुळाक्षरे गिरवू लागे, तेव्हा मुंबई-पुण्याचा त्याच वयाचा मुलगा इंग्रजीत निबंध लिहीत असे. पुढे महाविद्यालयात दोघे शेजारी बसत. खेड्यातल्या मुलाच्या मनात इंग्रजीविषयी जो न्यूनगंड रुजला, त्याचे मूळ बऱ्याच अंशी या विषमतेत आहे.

सरकारने ही विषमता दूर करण्याचा एक उपाय करून पाहिला. ६ जानेवारी १९५४ रोजी मुंबई सरकारने हुकूम काढला की, अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरील वंशाचे नागरिक यांच्या मुलांखेरीज इतर कोणालाही इंग्रजी माध्यमाच्या वर्गात नव्याने प्रवेश देऊ नये. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलची चालक असलेली बॉम्बे एज्युकेशन सोसायटी न्यायालयात गेली. तिच्याबरोबर दोन पालकही होते : एक भारतीय ख्रिस्ती लष्करी अधिकारी, ज्यांच्या घरी इंग्रजी बोलली जात होती, आणि दुसरे एक गुजराती हिंदू डॉक्टर. उच्च न्यायालयाने हुकूम रद्द ठरविला आणि २६ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. राष्ट्रभाषेची वाढ व्हावी हा आपला उद्देश आहे, असे सरकारचे म्हणणे होते. न्यायालयाने उद्देशाकडे न पाहता परिणामाकडे पाहिले : केवळ भाषेच्या कारणाने नागरिकाला सरकारी अनुदानाच्या शाळेचा दरवाजा बंद होत होता, आणि घटनेला ते मान्य नव्हते.

या खटल्याचा निकाल आपल्या शिक्षणसंस्थांच्या दृष्टीने फार मोलाचा ठरला. मात्र त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. इंग्रजी शाळेचे दार कायद्याने सर्वांना खुले राहिले, पण त्या दारापर्यंत पोहोचण्याची ऐपत सर्वांपाशी नव्हती. महाराष्ट्र राज्य झाल्यावर मराठी शाळांत इंग्रजी पुन्हा पाचवीपासून शिकवली जाऊ लागली. १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाचेही मत सामान्यतः पाचवीपूर्वी इंग्रजी नको असेच होते. त्यानंतरची तीन दशके महाराष्ट्रातील बहुसंख्य मुलांची इंग्रजी पाचवीतच सुरू झाली.

पहिलीतील इंग्रजी

२००० साली आणखी एक पालट झाला. शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी हा विषय आला. श्रीमंताच्या मुलाला जे तिसऱ्या वर्षी मिळते, ते गरिबाच्या मुलाला निदान सहाव्या वर्षी तरी मिळावे, ही त्यामागची भूमिका होती. कोवळ्या मनावर दोन भाषांचा भार पडेल आणि मराठी दुबळी होईल, असे विरोधकांचे म्हणणे होते. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या. याच सुमारास पश्चिम बंगालमध्येही अशीच उलथापालथ चालली होती. तेथील सरकारने १९८० च्या दशकात प्राथमिक शाळेतून इंग्रजी काढली होती. पालकांच्या नाराजीमुळे ती टप्प्याटप्प्याने परत आणावी लागली.

पहिलीच्या वर्गात इंग्रजी आली, ती जुन्या इंग्रजी पहिलीसारखी आली नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. चित्रे, बडबडगीते, हातवारे, लहानसहान सूचना यांवर भर देण्यात आला. आधी ऐकावे, मग बोलावे, लिहिणे पुढे येईल, असा क्रम होता. सहा वर्षांच्या मुलाला चुकण्याची लाज नसते. त्याला नवा आवाज हे नवे खेळणे असते. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुले इंग्रजी गाणे हावभावांसह मोठ्या आनंदाने म्हणतात, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना आमचे म्हणणे पटेल. तेच मूल तिसरी-चौथीत आले आणि वहीवरील लाल खुणा वाढू लागल्या की, तोंडातला आवाज बारीक होत जातो. आणखी एक अडचण होती. ज्या गुरुजींनी आणि बाईंनी हा विषय शिकवावयाचा, ते स्वतः पाचवी किंवा आठवीत इंग्रजीला भिऊन शिकले होते. शिक्षकाच्या मनातील धास्ती मुलाला न सांगता कळते.

मुलाच्या मनाचा अभ्यास

परक्या भाषेविषयी शिकणाऱ्याच्या मनात काय असते, याचा शास्त्रीय अभ्यास प्रथम कॅनडात नेटाने झाला. तेथे इंग्रजी व फ्रेंच अशा दोन भाषा बोलणारे समाज शेजारी राहतात. रॉबर्ट गार्डनर आणि वॉलेस लॅम्बर्ट या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९५९ पासून दाखवून दिले की, भाषा येण्या-न येण्यात बुद्धीइतकाच वाटा मनोवृत्तीचा असतो. त्यांनी शिकण्याच्या प्रेरणांचे दोन प्रकार सांगितले. पहिली उपयोगाची प्रेरणा : नोकरी, परीक्षा, प्रतिष्ठा. दुसरी आपुलकीची प्रेरणा : ती भाषा बोलणाऱ्या माणसांविषयीचे प्रेम, त्यांच्यात मिसळण्याची इच्छा.

आपल्याकडे इंग्रजी जवळजवळ नेहमी पहिल्या प्रेरणेने शिकवली गेली. दुसऱ्या प्रेरणेचे सर्वांत सुंदर उदाहरण मात्र आपल्याच परंपरेत आहे, आणि ते उलट्या दिशेचे आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास उतरले. तिशीत त्यांनी येथील भाषा शिकावयास आरंभ केला. १५८३ मध्ये आपल्या भावाला धाडलेल्या पत्रात या भाषांची घडण ग्रीक व लॅटिनसारखी असल्याचे त्यांनी कौतुकाने कळविले. आणि १६१६ साली त्यांचे दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून प्रसिद्ध झाले. परक्या भाषेचा हा विद्यार्थी तिच्याकडे बाजारभावाने पाहत नव्हता. ज्या लोकांत राहावयाचे, त्यांची वाणी आपली व्हावी, एवढीच त्याची आस होती.

लॅम्बर्ट यांनी पुढे आणखी एक भेद सांगितला, तो आपल्या घरांसाठी फार उपयोगाचा आहे. काही मुलांच्या बाबतीत दुसरी भाषा ही बेरीज असते. पहिली शाबूत राहते आणि दुसरीची भर पडते. काहींच्या बाबतीत ती वजाबाकी होते. दुसरी येते तसतशी पहिली विरत जाते. १९६५ साली मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट या गावी इंग्रजी घरांतील लहान मुलांना आरंभापासूनच फ्रेंचमधून शिकवण्याचा प्रयोग झाला. मुले फ्रेंच उत्तम शिकली आणि त्यांच्या इंग्रजीचे काही बिघडले नाही. या प्रयोगाचा दाखला देऊन कोणी म्हणेल की, मग मराठी मुलाला थेट इंग्रजी माध्यमात घालण्यास हरकत ती कोणती? पण त्या मुलांची इंग्रजी ही खंडातील सर्वांत बलवान भाषा होती. घर, बाजार, वर्तमानपत्र सर्वत्र ती होती; तिला कसलाच धोका नव्हता. आपल्या मुलाच्या मराठीला असे कवच नाही. घरी तिच्याकडे दुर्लक्ष झाले, तर बेरजेची वजाबाकी होण्यास वेळ लागत नाही.

शिकवण्याच्या पद्धतीविषयीही आपल्याच देशात महत्त्वाचा प्रयोग झाला. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातील साध्या शाळांत व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवून मुलांना नकाशे, रेल्वेची वेळापत्रके अशांवरील कोडी इंग्रजीतून सोडवावयास दिली. मन कोड्यात गुंतले की, भाषा मागच्या दाराने आत येते, असा त्यांचा विश्वास होता. वेळापत्रक वाचून गाडी गाठणारा मुलगा आणि बार्शीच्या फलाटावरून तिकीट-शिंगल हे शब्द घरी नेणारा मुलगा, या दोघांत आम्हांला फारसे अंतर दिसत नाही.

परितेवाडी आणि आपली घरे

३ डिसेंबर २०२० रोजी बार्शीचे नाव जगभर गेले. बार्शीचे रणजितसिंह डिसले यांना वर्की फाउंडेशनने युनेस्कोच्या सहकार्याने दिलेला जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. दहा लाख डॉलर्सची ही रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांबरोबर निम्मी वाटून घेतली. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत त्यांनी केलेल्या कामासाठी हा सन्मान होता. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालून त्यांनी कविता, पाठ व चित्रफिती मुलांच्या हाती दिल्या, याची वाहवा सर्वत्र झाली. पण पुरस्कार देणाऱ्या संस्थेने नमूद केलेली आणखी एक बाब आम्हांला अधिक मोलाची वाटते. त्या शाळेतील मुलींची घरची भाषा कानडी होती आणि पुस्तके त्या भाषेत नव्हती. डिसले गुरुजींनी ती भाषा आत्मसात केली आणि पुस्तके मुलींच्या भाषेत आणली. म्हणजे जगाने गौरविलेला हा शिक्षक प्रथम विद्यार्थ्यांच्या भाषेचा विद्यार्थी झाला. ज्या मुलाच्या भाषेला वर्गात मान मिळतो, ते मूल दुसरी भाषा शिकावयास निःशंक मनाने पुढे येते.

२०२५ साली पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी सक्तीची करणारा शासननिर्णय १६ एप्रिलला निघाला, १७ जूनला बदलला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेण्यात आले. या गदारोळात पुन्हा एकदा अस्मिता, राजकारण, राष्ट्रीय धोरण यांची चर्चा झाली. सहा वर्षांच्या मुलाच्या आनंदाची चर्चा त्या मानाने थोडी झाली.

आता आपल्याकडे वळू. मराठीत 'कॉन्व्हेंट' या शब्दाचा अर्थ इंग्रजी शाळा असा रूढ झाला आहे. जेथे एकही धर्मभगिनी नाही, अशा शाळाही हे नाव मिरवतात. मठवासी भगिनींचे निवासस्थान हा त्याचा मूळ अर्थ लोकांच्या विस्मरणात गेला. आपल्या संस्थांनी चांगले इंग्रजी शिकवले म्हणूनच हा लौकिक झाला, याचा आम्हांला अभिमान आहे. पण त्याच लौकिकाने आपल्या मराठी घरांत एक नवा प्रश्न उभा केला आहे. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. इंग्रजी माध्यमात शिकणारे आपले मूल आता मराठीचे पुस्तक उघडते, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर तीच धास्ती दिसते, जी शंभर वर्षांपूर्वी इंग्रजी पहिलीत बसलेल्या बार्शीच्या मुलाच्या चेहऱ्यावर असली पाहिजे. ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरे, अवघड शब्द, गुणांची चिंता. फरक इतकाच की, त्या मुलाला इंग्रजी परकी होती आणि आपल्या मुलाला आजीची भाषा परकी होऊ लागली आहे. आजीने सांगितलेली गोष्ट त्याला अर्धीच कळते, आणि रोझरीच्या प्रार्थना तो अर्थ न समजता म्हणतो.

कोणती शाळा निवडावी, हे प्रत्येक कुटुंबाने आपल्या परिस्थितीप्रमाणे ठरवावे. त्याविषयी निवाडा देण्याचा आमचा अधिकार नाही. पण दोनशे वर्षांच्या या इतिहासातून एक बोध निश्चित निघतो. इंग्रजी पाचवीत आली, आठवीत आली, पहिलीत आली. मुलाची वृत्ती इयत्तेने फारशी ठरली नाही. ती ठरली भोवतालच्या मोठ्या माणसांच्या वागण्याने. भाषा जेथे दंडाच्या रूपाने आली तेथे मूल तिला भ्याले, आणि जेथे ती खेळातून, गाण्यातून, कामातून आली तेथे त्याने तिला आपलेसे केले.

हे काम शाळेवर सोपवून भागणार नाही. मुलाने चुकीचे इंग्रजी बोलल्यास हसू नये. चुकीचे मराठी बोलल्यास तर मुळीच हसू नये. पाहुण्यांसमोर त्याला इंग्रजी कविता म्हणावयास लावतो, तशीच एखादी मराठी कविताही म्हणावयास सांगावी. रात्रीच्या प्रार्थनेनंतर दहा मिनिटे आजीला गोष्ट सांगू द्यावी आणि त्या वेळी दूरचित्रवाणी बंद ठेवावी. घरात येणारे मराठी मासिक कपाटावर न ठेवता मुलाच्या हाती पडेल असे ठेवावे. एवढे केले, तर आपल्या मुलांच्या बाबतीत इंग्रजी ही बेरीजच राहील, असा आमचा विश्वास आहे.